मागच्या चाकापाशी बसलेले काका

जे डोळ्यांना दिसत नाही त्याची इतकी काळजी घेणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. देवभक्त पाहिले, ध्यानाला बसणारे पाहिले, शेअरबाजारवाले तर पैशाला पासरी पाहिले. पण त्यांच्यातल्या एकाचीही श्रद्धा आमच्या शेजारच्या काकांच्या पासंगाला पुरली नसती. काकांची श्रद्धा होती मोटरसायकलच्या फायनल ड्राइव्हवर. आता हे काय प्रकरण, असं तुम्ही विचाराल. विचाराच, कारण मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई असूनही या विषयावर सलग पाऊण तास बोलू शकते. थोडक्यात सांगते. साध्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाला साखळी असते, सायकलला असते तशी. काकांच्या मोटरसायकलला साखळी नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत बंद नळीतून एक लोखंडी दांडा जायचा, तो शाफ्ट. आणि तो दांडा चाकाला जिथे भेटतो तिथे नारळाएवढ्या एका बंद डब्यात दोन दातेरी चाकं तेलात बुडून एकमेकांना फिरवत असायची. तो डबा म्हणजे फायनल ड्राइव्ह. बाहेरून बघाल तर नुसतं ॲल्युमिनियमचं गाठोडं, आत काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणूनच लोक त्याला विसरतात. काका विसरत नसत. "साखळी दिसते ना, म्हणून कोणीही तिला तेल घालते," ते आपल्या नागपुरी हेलात म्हणायचे. "ती लोंबते, ओरडते, कपडे काळे करते. हा बिचारा बोलत नाही. जो बोलत नाही त्याला आपण विचारावं लागते, पोरी."

ब्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात लग्न होऊन मी साताऱ्याहून थेट अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला उतरले. नवरा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर मी आणि त्या घराच्या पांढऱ्या भिंती. खिडकीतून समोरच्या घरांची बंद गॅरेजं तेवढी दिसायची. माणूस म्हणून दिसायचा नाही. पहिल्या आठवड्यातच मी कुकरशी बोलायला लागले होते. अशात एका शनिवारी नवरा दुपारचा झोपला असताना मागच्या दारातून वास आला, चक्क हिंगाचा! कुणीतरी मराठी बाई इथेच जवळपास फोडणी करतेय, या आनंदात मी स्लिपरा फटफटवत वासामागे धावले, तो वास मला थेट शेजारच्या उघड्या गॅरेजात घेऊन गेला. तिथे फोडणी नव्हती. जमिनीवर जुना गालिचा अंथरून पन्नाशीचे एक गृहस्थ मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्यासमोर पोळ्यांच्या डब्यात काळपट तेल ठिबकत होतं. त्या गिअर ऑइलला हिंगाचा वास येतो, अगदी बांधानी हिंगाचा, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, साडी पाहिली, कुंकू पाहिलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "बरं झालं आलीस," म्हणाले, "टॉर्च धर." पुढची पाच-सहा वर्षं मी तो धरत होते.

काका एका कारखान्यात ट्रॅक्टरची गिअरं तपासायचे. तपासायचे म्हणजे नापास करायचे. गिअर हातात घेतलं की त्यांच्या चेहऱ्यावर वधूपरीक्षेला आलेल्या आत्याबाईंचा भाव यायचा. पण ती नोकरी. घरचं काम निराळं, घरचं काम म्हणजे सोवळ्यातलं. तेल बदलायचं असेल तर आधी बरोबर दहा मिनिटं मोटरसायकल चालवून आणायची, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होतं आणि कोपऱ्यातली घाण घेऊन उतरतं. ही दहा मिनिटं ते आमच्या कॉलनीला ताशी पंचवीस मैलांनी प्रदक्षिणा घालायचे, माकडटोपीवर हेल्मेट चढवून. मग गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची, खालचा बोल्ट काढायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायचं नाही. अर्धा तास, पाऊण तास. एकदा मी म्हटलं, "काका, आता काही पडत नाहीये." ते म्हणाले, "पडून राहिलं." नागपुरीत म्हणजे पडतंय. "तुला घाई आहे, त्याला नाही." आणि खरंच, चांगल्या चार मिनिटांनी एक थेंब पडला. त्या बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतं, आतल्या दात्यांची झीज त्याला चिकटून येते, राखाडी लोण्यासारखी. ती ते दोन बोटांत घेऊन चोळायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मऊ आहे. यंदा तब्येत बरी आहे." दर वर्षीच्या काढलेल्या तेलाची एकेक बाटली त्यांनी फळीवर मांडून ठेवली होती, वर चिठ्ठी: एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी. काकू कुणी नवीन बाई आली की तिला ती फळी दाखवायच्या. "बघा आमचा मुरांबा," म्हणायच्या, "हा कोणाला वाढत नाही आम्ही."

त्या गॅरेजात एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'चालेल'. आपला देश या एका शब्दाने बुडवला असं काकांचं ठाम मत होतं, इंग्रजबिंग्रज सगळं नंतर. माझा नवरा बिचारा एकदा मदतीला गेला. नट आवळताना काकांनी विचारलं, "झाला का घट्ट?" आणि हा आपला सवयीने म्हणाला, "हो, चालेल." झालं! काकांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला, तो धोतराच्या चिंधीने पुसला, जागेवर ठेवला, आणि अतिशय प्रेमाने त्याला सांगितलं, "तू घरात जाऊन बस. काकू चहा देते." त्यानंतर त्याला गॅरेजच्या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. एम.एस. झालेला इंजिनिअर तो, आणि मी, जिला तोवर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवतात हे ठाऊक नव्हतं, ती आत! नवऱ्याने हे फार मनाला लावून घेतलं. "यार, ही मोटरसायकल आहे की गाभारा?" असं तो अजूनही म्हणतो.

धोतराच्या चिंधीचं निघालंय तर तेही सांगते. अमेरिकेत पुसायला कागदी टॉवेल मिळतात, ढिगाने मिळतात. पण त्यांचा भुसा पडतो, आणि भुशाचा एक कण जरी त्या डब्यात गेला तरी काकांच्या लेखी तो अनर्थ. त्यामुळे दहा वर्षं धुऊन मऊ झालेलं सुती धोतरच पाहिजे. कुणी भारतात निघालं की बाकीचे लोक बाकरवडी आणा, गोडा मसाला आणा, पंचांग आणा म्हणायचे. काका म्हणायचे, "वडिलांचं एखादं जुनं धोतर असेल तर बघ." आमचे मामंजी आले तेव्हा तर कमाल झाली. विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली, तर वरच सात जीर्ण धोतरं. त्याने विचारलं, हे काय? मामंजी खरं बोलणारे, त्यांनी सांगितलं, शेजाऱ्याच्या मोटरसायकलसाठी आहे. तो अधिकारी बराच वेळ मामंजींच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याने बॅग बंद केली.

पण या साऱ्या पूजेचा कळस म्हणजे दात्यांना ग्रीस लावणं. मागचं चाक त्या डब्याला जिथे जोडलेलं असतं तिथे चाकाच्या आत एक दातेरी कडं असतं. डब्याचे दाते आणि कड्याचे दाते एकमेकांत बसतात, आणि गाडीचा सगळा जोर तिथून चाकात जातो. तिथे तेल पोचत नाही. चाक पूर्ण उतरवून हातानेच लेप लावायला लागतो, आणि एवढी उस्तवार कोण करतो? नाही केली तर दाते कोरडे पडतात, आतून तांबडी भुकटी निघते, दाते झिजून सुरीसारखे होतात, आणि एके दिवशी भर रस्त्यात इंजिन गरजतं पण चाक जागचं हलत नाही. काका वर्षातून दोनदा चाक उतरवायचे. रॉकेलात बुडवलेल्या दात घासायच्या ब्रशने एकेक खाच स्वच्छ करायचे आणि मग एक काळी चकचकीत पेस्ट बोटाने अशी लावायचे की मला माझ्या आजीची काजळ घालायची तऱ्हा आठवायची. ती पेस्ट भारी महाग, आणि ट्यूबमध्ये वाळून जाते असं काकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी काकूंची एक रिकामी काजळाची डबी मागून घेतली होती आणि पेस्ट तिच्यात भरून ठेवली होती. डबीच्या झाकणावर लाल नेलपॉलिशने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'दाते'. ही डबी लक्षात ठेवा.

शिष्यही होता बरं का काकांना. एकदा आम्ही सगळे शिकागोहून वाणसामान घेऊन परत येताना पेट्रोल भरायला गॅस स्टेशनवर थांबलो, तर तिथे एक मोटरसायकलवाला उभा. सहा फूट उंच, छातीपर्यंत दाढी, कातडी जाकीट, दंडावर कवटी गोंदलेली. मी घाबरून गाडीची काच वर केली. काका खाली उतरून तडक त्याच्याकडे गेले आणि त्याच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले. त्यांना त्या चाकाला शाफ्ट दिसला होता. त्यांनी मान वर करून विचारलं, आतल्या दात्यांना शेवटचं ग्रीस कधी लावलं? तो म्हणाला, कसले दाते? काकांचा चेहरा असा झाला की त्या राक्षसाला वाटलं आपल्या घरचं कुणीतरी गेलं. पुढच्या रविवारी तो हजर. चाक उतरवलं, आतून मूठभर तांबडी भुकटी पडली आणि तो दाढीवाला मटकन खालीच बसला. त्यानंतर तो दर महिन्याला यायचा, स्वतःचा मोठा वाडगा घेऊन, कारण काकूंचे पोहे त्याला बशीत पुरत नसत. काकूंना 'काकू' म्हणायचा आणि चप्पल बाहेर काढायची तशी आपले भलेमोठे बूट गॅरेजबाहेर काढायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी निगा राखून हा माणूस जायचा कुठे? इथेच तर गंमत होती. कुठेच नाही! काकांनी ती मोटरसायकल अठ्ठ्याहत्तर साली जुनी म्हणून घेतली होती ती एकाच बेताने: आपण आणि काकू, दोघांनी तिच्यावरून ग्रँड कॅन्यन बघायला जायचं. मूलबाळ नव्हतं, रजा होत्या, रस्ता होता. काकूंनी त्याच वर्षी बॅग भरली. पण काकांना निघण्याआधी चाक उतरवून एकदा बघायचं होतं. बघितलं, तर तेल अडवणारं एक रबरी सील बदलायला आलेलं. सील बदललं तर उन्हाळा संपला. पुढच्या वर्षी बेअरिंगचा आवाज. त्याच्या पुढच्या वर्षी आवाज नव्हता, म्हणून काकांना जास्त काळजी. दर मे महिन्यात काकू बॅग खाली काढायच्या आणि ऑगस्टात वर ठेवायच्या. "आमचं कॅन्यन गॅरेजातच आहे गं," म्हणायच्या, "खोल म्हणजे किती खोल! हे गेले की चार तास वर येत नाहीत." हसायच्या, आम्हीही हसायचो. काका मात्र गंभीरपणे सांगायचे, "एवढ्या लांब न्यायचं तर गाडीत काहीच शंका नको. मागे ही बसणार आहे ना."

पंच्याऐंशीत माझी लेक झाली आणि आमच्याकडे बारसं केलं. पन्नासेक माणसं, पाळण्याला क्रेप कागदाची फुलं, कोपऱ्यात दाढीवाला आपला वाडगा घेऊन उभा. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं, आणि कुणीतरी म्हणालं, अगंबाई, तीट लावायची राहिली! काकू चटकन घरी जाऊन काजळाची डबी घेऊन आल्या आणि बाळाच्या गालावर त्यांनी चांगला ठसठशीत टिळा लावला. हनुवटीवर एक, तळपायावर एक. पोर नुसती झळकायला लागली. अशी काळी, चकचकीत तीट साऱ्या मराठी मंडळाने कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी मी बाळाला पुसायला घेतलं, तर निघेना! साबणाने निघेना, तेलाने निघेना. मी काकांना हाक मारली. त्यांनी वाकून गाल पाहिला, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ही माझी पेस्ट आहे." जो हशा उसळला म्हणता! दाढीवाला तर जमिनीवर लोळला. ही पोरगी आता पन्नास हजार मैल झिजणार नाही, असं माझा नवरा म्हणाला. डॉक्टरला फोन केला, तो म्हणाला कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसत राहा. चार दिवस माझी लेक तशीच फिरली. काकूही हसत होत्या, पदर तोंडाला लावून. हसले नाहीत ते फक्त काका. ते डबी हातात घेऊन झाकणाकडे बघत उभे होते. सगळे गेल्यावर हळूच मला म्हणाले, "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पोरी. लाल रंगात. तिला दिसलं नाही."

खरंच दिसलं नव्हतं. आणि आम्ही हसत होतो! त्यानंतर आठवून बघितलं तेव्हा एकेक लक्षात यायला लागलं. काकू पोह्यात मीठ दोनदा घालायच्या, पायरीवर पाय ठेवण्याआधी थबकायच्या, पत्र आलं की मला वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, तुझा आवाज गोड आहे. त्या बोलल्या नव्हत्या, एवढंच. तो हिवाळाभर काका त्यांना एका डोळ्यांच्या डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेत होते. शेवटी शिकागोच्या एका मोठ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं: डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय, थोपवता येईल थोडा, भरून येणार नाही, यंदाचा उन्हाळा बऱ्यापैकी दिसेल, पुढच्याचं सांगवत नाही. घरी आल्यावर काकूंनी कोट काढला, चहा ठेवला, आणि तशाच उभ्या-उभ्या म्हणाल्या, "अहो, मला कॅन्यन बघायचंय. या जूनमध्ये." काका म्हणाले, कारने जाऊ, उद्या निघू. "कार नको," काकू म्हणाल्या. "सहा महिने हे डॉक्टर मला काचांमधूनच बघायला लावून राहिले. मला उघड्यावर बसून बघायचंय."

त्या वसंतात काकांनी त्या मोटरसायकलवर जे काम केलं ते बघताना मला हात जोडावेसे वाटायचे. कारखान्यातून आले की जेवायच्या आधी गॅरेज. एकेक बोल्ट काढून, पुसून, परत लावून. आणि निघायला पाच दिवस राहिले असताना त्यांनी शेवटचं म्हणून चाक उतरवलं, दाते पुसले, भिंग लावलं, आणि बराच वेळ भिंग खाली घेतलंच नाही. मी टॉर्च धरून उभी. "काय झालं काका?" तर म्हणाले, कड्याचे दाते तिसऱ्या हिश्शाने गेलेत. म्हणजे त्यांची चूक नव्हती हो! आधीच्या मालकाने कधी ग्रीस दाखवलंच नव्हतं, झीज तेव्हापासूनची. काकांनी ती आठ वर्षं नुसती थोपवून धरली होती, या हिवाळ्यात मात्र ती पुढे सरकली होती. सुट्या भागांच्या दुकानात फोन केला, तर नवीन कडं जपानहून यायला सहा आठवडे. काकांनी फोन ठेवला. एरवी अशा वेळी ते काकूंना सांगायचे, यंदा राहू दे, आणि काकू बॅग वर ठेवायच्या. या वेळी काकू स्वतःच गॅरेजात आल्या. दाराच्या चौकटीला हात लावत, चाचपत आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "ऐकलं मी," म्हणाल्या. "सहा आठवड्यांनी जुलै संपते. तुमचे दाते थांबतील. माझे डोळे थांबतील का?"

मला दोन्ही बाजू कळत होत्या. वाळवंटात दीडशे मैल माणूस नाही अशा ठिकाणी दाते सुटले, तर मागे जवळजवळ न दिसणारी बाई आणि पुढे हा हट्टी माणूस. आणि नाही गेले, तर कधीच नाही. काका तसेच मांडी घालून बसून होते, समोर ते कडं. मग त्यांनी डबी उघडली. एकेक दात्याला, एकेक खाचेला पेस्ट लावली. इतकं सावकाश काम मी त्यांचंही कधी पाहिलं नव्हतं. चाक चढवलं, नट आवळले, चिंधीने हात पुसले. वर काकूंकडे बघितलं. "चालेल," ते म्हणाले. मी आयुष्यात कुणाला एवढं अवघड काही बोलताना ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "चला मग, जेवून घ्या."

निघाले दोघं. सकाळी सात वाजता, काकू पंजाबी ड्रेसवर जाड जाकीट घालून, हेल्मेटखालून कुंकू दिसतंय, काकांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा. दाढीवाला म्हणाला, मी सुटे भाग घेऊन मागून येतो. काकांनी त्याला मिठी मारली आणि नको म्हणाले. मी त्यांच्या हातावर दही घातलं. ते एकवीस दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. टेलिफोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी तो ओळखीचा आवाज कोपऱ्यावर आला, सरळ, स्वच्छ, आणि मी कडेवरच्या लेकीसकट रस्त्यावर धावले. गाडीने कुठेही दगा दिला नव्हता. काकूंनीच मग सगळं सांगितलं. हे दर शंभर मैलांवर थांबायचे, उतरायचे आणि त्या डब्याला हात लावून बघायचे, पोराचा ताप बघतात तसं. "कॅन्यनच्या काठावर पोचलो गं, समोर हे एवढं लालभडक उघडं पडलेलं, माणसं तोंडात बोटं घालून उभी. आणि हे? हे कॅन्यनकडे पाठ करून चाकापाशी बसले! कॉलर धरून उठवलं मी यांना. म्हटलं, बघा बाप्पा, एकदा तरी बाहेर बघा!" काका शेजारी बसून लाजत होते.

डॉक्टर खोटं बोलला नव्हता. वर्ष पालटता पालटता काकूंना समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला. जुनं कडं जाऊन नवीन बसलं होतं, काकांचं वर्षातून दोनदा चाक उतरवणं चालूच होतं. पण आता काकूंना घरात एकटं बसवत नसे, म्हणून त्यांच्यासाठी गॅरेजात एक स्टूल आलं. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात मी गेले तर काकू स्टुलावर, मांडीवर जुनं धोतर, आणि हातात ते दातेरी कडं. त्या बोटाने एकेक खाच चाचपत होत्या. "इथे राहिलंय जुनं," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, नाही, मी भिंगातून बघितलंय. "राहिलंय. शेजारच्या खाचेतही." काकांनी चिंधीचं टोक फिरवलं, तर खरंच काळी रेघ निघाली, दोन्ही खाचांतून. गिअरच्या बाबतीत ज्या माणसाने कारखान्याच्या साहेबाचा शब्द मानला नव्हता, त्याने भिंग खिशात ठेवून दिलं. "मग सगळंच बघ एकदा," म्हणाले, "तू सांगशील तेव्हा ग्रीस लावतो."

मी काकूंच्या पायाशी बसले. विचारू नये ते विचारून गेले, "काकू, कॅन्यन आठवतं का हो अजून?" त्यांची बोटं थांबली नाहीत. "पुसट होऊन राहिलं गं," त्या म्हणाल्या. "रंग आठवतात, आकार हरवतात. फोटोतलं आठवते की खरं, तेही कळत नाही आता. पण खरं सांगू? एकवीस दिवस माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? यांची पाठ. डोंगर आले, नद्या आल्या, त्या बाजूबाजूने गेल्या. मधोमध आपली यांची पाठ. ती मात्र लख्ख दिसते अजून. निळं जाकीट, डाव्या खांद्यावर शिवण उसवलेली, आणि मानेवर उन्हाने भाजून उठलेला लाल पट्टा."

काका ऐकत होते. हातातली चिंधी त्यांनी उगीचच दोनदा घडी केली, दोनदा उलगडली. मग उठले. थंडी होती म्हणून तेच निळं जाकीट अंगात होतं. ते काकूंच्या स्टुलासमोर आले, वळले, आणि त्यांच्याकडे पाठ करून गालिच्यावर खाली बसले, निमूट. काकूंनी कडं मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केला. तो बरोबर डाव्या खांद्यावर, त्या उसवलेल्या शिवणीवर जाऊन टेकला. मी चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि पाणी भांड्यात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.